ढोलाला जागा मिळवून द्या: घरच्या स्टुडिओत रीॲम्पिंग कसं करायचं

गणपती जवळ आले की नाशिकच्या छोट्या स्टुडिओंमध्ये ढोल-ताशाचं काम वाढतं. कुणाला पथकाची ओळख करून देणारी क्लिप हवी असते, कुणाला मंडळाचं गाणं, तर कुणाला भक्तिगीताच्या मागे चार ढोल आणि एक ताशा. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा दहा बाय बाराच्या खोलीत होतं. भिंतींना फोम लावलेला, माईक ढोलाच्या पानापासून, म्हणजे तोंडावरच्या ताणलेल्या पडद्यापासून, वीतभर अंतरावर. ऐकायला बसलं की प्रत्येक ठोका स्वच्छ असतो, टिपरू पानावर कुठे पडलं तेसुद्धा कळतं, आणि तरीही तो ढोल ओळखीचा वाटत नाही. ढोल आपण वीतभरावरून कधी ऐकलेलाच नसतो. वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक मेन रोडला लागते तेव्हा कानावर येतो तो ढोल, आणि त्याच्यासोबत दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परत आलेला त्याचा आवाज. स्टुडिओत यातलं पहिलं तेवढं टिपलं जातं. दुसरं फोमने गिळून टाकलेलं असतं.

ते दुसरं नंतर मिळवायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. रेकॉर्ड झालेला ट्रॅक स्पीकरमधून किंवा ॲम्पमधून एखाद्या खऱ्या जागेत वाजवायचा आणि त्या जागेत माईक लावून तो पुन्हा रेकॉर्ड करायचा. यालाच रीॲम्पिंग म्हणतात. शिकागोत बिल पटनम या रेकॉर्डिंग इंजिनिअरने १९४७ साली स्टुडिओचं बाथरूम प्रतिध्वनीसाठी वापरलं. लंडनच्या ॲबी रोड आणि हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओंमध्ये तर खास रिकाम्या खोल्या बांधून त्यात एक स्पीकर आणि माईक कायमचे ठेवलेले असत. गिटारवाल्यांसाठी जॉन क्युनिबर्टी यांनी १९९० च्या दशकात ‘रीॲम्प’ नावाची छोटी पेटी बाजारात आणली आणि तेव्हापासून हेच नाव सगळीकडे रुळलं.

सुरू करण्याआधी एक स्पष्ट सांगतो. ताल चुकलेला ढोल रीॲम्प करून सुधारत नाही. रेकॉर्डिंग करतानाच आवाज फाटला असेल तर तो फाटलेला आवाजच मोठ्या जागेत घुमेल. वाजवणं चांगलं आहे, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, पण आवाज कोरडा आणि खोक्यात कोंडल्यासारखा आहे, अशाच ट्रॅकवर ही मेहनत घ्या. घाईचं काम असेल आणि रिव्हर्बच्या प्लगइनने, म्हणजे कृत्रिम घुमारा देणाऱ्या सॉफ्टवेअरने, भागत असेल तर तेही वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त प्लगइनमध्ये तुमच्या आधी हजारोंनी वापरलेली खोली मिळते. रीॲम्पिंगमध्ये ती खोली तुमची असते, आणि माईक दोन पावलं सरकवला की तिचा आवाज बदलतो.

आधी जागा, मग सामान

नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, कोणता स्पीकर घेऊ? मी म्हणेन, कोणती जागा मिळेल ते आधी बघा. साधा पाच इंची स्पीकर चांगल्या जागेत उत्तम काम देतो. महागडा स्पीकर फोम लावलेल्या खोलीत वाजवून हाती काहीच लागत नाही.

जागा पारखायला मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत ऐका. त्याहून बरं म्हणजे फुगा फोडा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. विरत जाणाऱ्या आवाजाची शेपूट किती वेळ ऐकू येते, ती गुळगुळीत विरते की टर्र करत थरथरते, हे नंतर शांतपणे ऐकता येतं. दोन गुळगुळीत भिंती समोरासमोर असल्या की ती थरथर येते. ताशाच्या तर्रीवर, म्हणजे सलग जलद ठोक्यांवर, ती फार टोचते. अशा खोलीत एका भिंतीसमोर चटई किंवा गोधडी टांगली तरी बराच फरक पडतो.

जागेची लांबी-रुंदी गाण्याच्या लयीशी जुळली पाहिजे. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक मात्रा पडते. शेपूट अडीच सेकंदांची असेल तर एका ठोक्याचा आवाज पुढच्या पाच मात्रांवर पसरतो आणि तर्रीचा नुसता चिखल होतो. संथ, ठाय ठेक्याला मोठा हॉल शोभतो. जलद हाताला छोटी, कडक भिंतींची जागा हवी, शेपूट सेकंदाच्या आत संपणारी.

नाशिकमध्ये या दोन्ही प्रकारच्या जागा भरपूर आहेत. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये जाड भिंती, लाकडी तुळया आणि दगडी फरशी अशी सरमिसळ असते. दगड आवाज परतवतो, लाकूड आणि माती त्याची धार थोडी खातात. ढोलाला हा मेळ मला सगळ्यात जास्त मानवतो. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या इमारतींचा जिना हा दुसरा पर्याय. तळमजल्यावर स्पीकर आणि तिसऱ्या मजल्यावर माईक ठेवला की लांबट, उंच प्रतिध्वनी मिळतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली रिकामी शेड पत्र्यामुळे कर्कश होते, पण ताशा आणि झांजेला तो कर्कशपणा कधीकधी हवाच असतो. आणि घरचं बाथरूम विसरू नका. टाइल्स लावलेली छोटी न्हाणी स्नेअर ड्रमसाठी फार कामाची.

मंगल कार्यालयांबद्दल वेगळं सांगायला हवं. मोठा हॉल, उंच छत, गुळगुळीत फरशी, आणि चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसल्यामुळे हॉल रिकामे पडलेले. गणपतीच्या कामाचे दिवसही नेमके तेच. ओळखीतून विचारलं तर दुपारचे तीन-चार तास मिळू शकतात. अडचण एकच, पाऊस. पत्र्याचं छत असेल तर सर आली की काम थांबवावं लागतं, म्हणून काँक्रीटच्या स्लॅबचा हॉल निवडा.

वेळ दिवसाचीच ठेवा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरवर बंधनं आहेत, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा की तासभर एकच ठेका पुन्हा पुन्हा ऐकू येईल. पंचवटीत असाल तर आरतीच्या वेळा टाळा. देवळालीकडे तोफखान्याच्या सरावाचे आवाज येतात, त्यांचा अंदाज घ्या. जुन्या वाड्यात पारवे असतात. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं की तेही घुमायला लागतात, त्यामुळे आधी एक मोठा ठेका वाजवून त्यांना उडवून लावा आणि मग सुरुवात करा.

काय काय लागतं

ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माईक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाला, शक्यतो चार आउटपुट हवेत. १ आणि २ तुमच्या मॉनिटरसाठी (ऐकायच्या स्पीकरसाठी), ३ रीॲम्पसाठी. फोकसराइटच्या स्कारलेट ४आय४ ला किंवा बेरिंजरच्या यूएमसी४०४एचडीला चार आउटपुट आहेत. २आय२ सारख्या दोन आउटपुटच्या इंटरफेसवरही काम होतं. मॉनिटर काढून ठेवा आणि डाव्या आउटपुटमधून स्पीकरला आवाज द्या. रेकॉर्डिंग चालू असताना तुम्हाला ऐकण्याची फारशी गरज नसतेच, आवाज समोर वाजतच असतो.

आता स्पीकर की ॲम्प, आणि ती रीॲम्प पेटी लागते का? इथे बरेच जण गोंधळतात आणि विनाकारण पैसे घालवतात. ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे, तो लाइन लेव्हलसाठीच बनलेला असतो. इंटरफेसमधून सरळ केबल लावा, पेटीची गरज नाही. ढोल-ताशाला जागा द्यायची तर एवढंच पुरतं. पेटी लागते ती गिटारच्या ॲम्पसाठी. इंटरफेसमधून निघणारा सिग्नल गिटारच्या पिकअपपेक्षा कितीतरी ताकदवान असतो. व्यावसायिक लाइन लेव्हल म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, तर गिटारचा सिग्नल साधारण व्होल्टच्या काही दशांशांत मोजला जातो. पेटी हा सिग्नल खाली आणते आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन उपकरणांचं अर्थिंग एकमेकांपासून तोडते, त्यामुळे गुणगुण येत नाही.

पेटी नसेल तर पॅसिव्ह डीआय, म्हणजे गिटार मिक्सरला जोडायची बिनविजेची डबी, उलटा लावून काम भागवता येतं. पण एक लक्षात ठेवा. सरळ वापरताना डीआय सिग्नल सुमारे २० डेसिबलने खाली आणतो, उलटा लावला की तेवढाच वर चढवतो. म्हणून आउटपुट आधी पूर्ण खाली घ्या आणि हळूहळू वाढवा. ॲक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही, आणि माईकला केबलमधून दिली जाणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर त्या वाटेवर कुठेही चालू नसावी.

ब्लूटूथ स्पीकर वापरायचा असेल तर ब्लूटूथवरून नको, केबलनेच जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, आणि तो उशीर दर वेळी सारखाच राहील याची खात्री नसते. मग ट्रॅक जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

विजेची गोष्ट गंभीरपणे घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची तिसरी पिन तोडायची सवय काही ठिकाणी आहे. ती जिवावर बेतू शकते, कधीच करू नका. जुन्या वाड्यांमध्ये बऱ्याचदा अर्थिंगच नसतं. तिथे लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर आणि स्पीकर बॅटरीचा, असा संच न्या. धोकाही टळतो आणि ५० हर्ट्झची गुणगुणही मुळातूनच जाते.

माईक जो असेल तो. दोन असतील तर उत्तम, एक जवळ आणि एक लांब. कंडेन्सर असेल तर तो लांबच्या जागी ठेवा, कारण विरत जाणारा आवाज तो जास्त बारकाईने टिपतो.

सेशन तयार करणं

मूळ प्रोजेक्टची प्रत काढा आणि तिच्यातच काम करा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात तो आकडा, मूळचाच ठेवा, ४८ किलोहर्ट्झ असेल तर ४८. जो ट्रॅक पाठवायचा त्याच्यावरचे रिव्हर्ब आणि डिले काढून टाका. प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी कुणालाच नको असतो.

पुढचं काम बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते निम्मा निकाल त्यातच आहे. पाठवायचा ट्रॅक मिक्समध्ये ठेवाल त्यापेक्षा जास्त साफ करा. ढोलाच्या माईकमध्ये शेजारचा ताशा शिरलेला असतोच. मिक्समध्ये तो खपून जातो, पण स्पीकरमधून हॉलमध्ये गेला की हॉल त्यालाही तेवढ्याच मायेने घुमवतो. त्यामुळे गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) कडक लावा. ठोक्याची शेपूट तुटली तरी चालेल, शेपूट आता खोली देणार आहे. हा ट्रॅक एकटा ऐकलात तर कोरडा, तुटक, कुरूप वाटेल. त्याने घाबरू नका, तो कुणालाही ऐकवायचा नाही.

छोटा स्पीकर असेल तर पाठवणीच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाका. ढोलाचा खालचा दणका साधारण ६० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. पाच इंची स्पीकरला तो झेपत नाही, त्याचा कोन (पुढचा कागदी पडदा) फडफडतो आणि ती फडफड रेकॉर्ड होते. खालचा दणका मूळ ट्रॅकमध्ये शाबूत आहेच.

आता पाठवणीच्या ट्रॅकचं आउटपुट ३ वर जोडा आणि मास्टरशी (सगळ्या ट्रॅकच्या एकत्रित आउटपुटशी) असलेलं त्याचं नातं तोडा. माईकसाठी नवा ट्रॅक उघडा, त्याचं इनपुट मॉनिटरिंग बंद ठेवा आणि त्याचा आवाज चुकूनही आउटपुट ३ कडे जात नाही ना ते दोनदा तपासा. गेला तर माईकचा आवाज स्पीकरमध्ये, स्पीकरचा माईकमध्ये असं चक्र सुरू होऊन कर्कश शिट्टी वाजते आणि कानांसोबत स्पीकरही जाऊ शकतो.

शेवटचं: गाणं सुरू व्हायच्या दोन मात्रा आधी पाठवणीच्या ट्रॅकवर एक टोकदार टिक ठेवा, अगदी क्षणभराची. नंतर ट्रॅक जुळवताना तिचे उपकार मानाल.

स्पीकर कुठे, माईक कुठे

स्पीकर माईककडे तोंड करून ठेवायचा, हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. जागेचा आवाज हवा असेल तर नेमकं उलट करा. स्पीकर कोपऱ्याकडे किंवा भिंतीकडे वळवा, माईक दुसऱ्या टोकाला न्या आणि त्याची पाठ स्पीकरकडे करा. कार्डिऑइड माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणजे थेट आवाज दबतो आणि भिंतींवरून आलेला आवाज पुढे येतो. थेट आवाज तुमच्याकडे मूळ ट्रॅकमध्ये आहेच, तो पुन्हा कशाला हवा?

स्पीकर जमिनीवर ठेवला की खालचा आवाज फुगतो. ढोलासाठी तो बहुधा जास्त होतो, म्हणून स्टूल किंवा टेबलावर ठेवा. दुसरा माईक असेल तर तो स्पीकरपासून हातभरावर, तोंडाकडे वळवून लावा. कधीकधी जागेपेक्षा स्पीकरचाच थोडा दाबलेला, मधल्या पट्टीचा आवाज हवा असतो.

पथकाचं काम असेल तर एक सुंदर युक्ती आहे. चार ढोल एकाच स्पीकरमधून एकदम वाजवू नका. प्रत्येक ढोल वेगळा पाठवा आणि दर वेळी स्पीकर हॉलमध्ये दुसऱ्या ठिकाणी ठेवा, जिथे तो वादक उभा राहिला असता तिथे. माईक मात्र जागचा हलवायचा नाही. चारही रेकॉर्डिंग एकत्र लावली की पथक खरोखर रांगेत उभं आहे असं ऐकू येतं. वेळ चौपट लागतो, पण हे करून पाहाच. मिक्समध्ये पॅन फिरवून, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवून, अशी रांग मिळत नाही.

वाजवा आणि रेकॉर्ड करा

पंखा, एसी, फ्रीज बंद. मोबाईल विमान मोडवर. आउटपुट ३ चा फेडर पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा आणि गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवत वर न्या. आवाज खूप मोठा हवा असं नाही. आवाज वाढवला म्हणून शेपूट लांबत नाही, फक्त जागेतल्या गोंगाटाच्या वर चांगली उठून दिसते. स्पीकरचा लाल दिवा लागला की थोडं खाली या. माईकचा गेन असा ठेवा की सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

टिकेपासून सुरू करून शेवटचा ठोका पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू द्या. शेवटचा दणका आणि त्यानंतरची शांतता याच ठिकाणी जागा सगळ्यात स्वच्छ ऐकू येते, आणि तिथेच घाईने बटण दाबलं जातं. नंतर अर्धा मिनिट नुसती जागेची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. पुढे गोंगाट कमी करायचा तर तिचा नमुना लागेल.

एक फेरी झाली की माईक हलवून दुसरी घ्या. पुन्हा त्या हॉलमध्ये कधी जायला मिळेल सांगता येत नाही, तेव्हा निवड घरी आल्यावर करा.

जुळवणी: इथे घाई नको

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दर मीटरला २.९ मिलिसेकंद, आणि ४८ किलोहर्ट्झवर १४० सॅम्पल. यात इंटरफेस आणि संगणकाचा उशीर मिळवला की रीॲम्प ट्रॅक मूळ ट्रॅकच्या मागे पडतो.

हा उशीर दोन तऱ्हेचा आहे हे ओळखा. संगणकाचा उशीर निरुपयोगी, तो पूर्ण काढून टाकायचा. आउटपुट ३ मधून एक केबल सरळ इनपुटमध्ये लावा, टिक रेकॉर्ड करा आणि किती सॅम्पल मागे पडली ते मोजा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रीइन्सर्ट नावाचा प्लगइन हे मोजमाप आपोआप करतो. आलेला आकडा लिहून ठेवा, इंटरफेसची बफर सेटिंग बदलली नाही तर तो सहसा बदलत नाही. हवेतला उशीर मात्र जागेचाच भाग आहे. लांबच्या माईकच्या बाबतीत तो तसाच राहू द्या. त्यानेच कानाला कळतं की हॉल केवढा आहे. जवळच्या माईकसाठी तोही काढा आणि दोन्ही टिका एकमेकींवर आणून बसवा.

जवळचा माईक का जुळवायचा ते एका हिशेबाने पाहा. १०० हर्ट्झच्या लहरीला एक फेरी पूर्ण करायला १० मिलिसेकंद लागतात, अर्ध्या फेरीला ५. पाच मिलिसेकंदांत आवाज सुमारे १.७ मीटर जातो. म्हणजे माईक स्पीकरपासून पावणेदोन मीटरवर असेल आणि तुम्ही ट्रॅक जुळवला नाही, तर १०० हर्ट्झला मूळ लहर वर जाते तेव्हा रीॲम्पची लहर खाली येते. दोघी एकमेकींना खातात आणि ढोलाचं पोटच नाहीसं होतं. ट्रॅक वाढवला आणि ढोल बारीक झाला असं वाटलं तर कारण बहुतेक हेच असतं.

जुळवल्यावर रीॲम्प ट्रॅकची पोलॅरिटी उलटवून पाहा, म्हणजे लहरीची वरची बाजू खाली करून. दोन्हींपैकी ज्यात खालचा आवाज भरदार लागेल ती ठेवा. हे मोनोमध्ये ऐका, स्टिरिओ बऱ्याच गोष्टी लपवतं. मिरवणुकीच्या क्लिप लोक मोबाईलच्या स्पीकरवरच ऐकणार आहेत, हेही ध्यानात असू द्या.

आणि तरीही खालचा भाग जुळत नसेल तर रीॲम्प ट्रॅकवर १२० ते १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. दणका मूळ ट्रॅकचा, हवा रीॲम्पची, अशी वाटणी करा. नव्याने सुरू करणाऱ्याने ही वाटणी पहिल्या कामापासूनच ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

ढोलापलीकडे

स्नेअर ड्रमचा आवाज मेलेला असेल, खालच्या तारा ऐकूच येत नसतील, तर दुसरा एखादा स्नेअर स्टँडवर ठेवा आणि त्याच्या वरच्या पानावर छोटा स्पीकर पालथा घाला. खाली तारांजवळ माईक लावा. कडक गेट लावलेला स्नेअरचा ट्रॅक स्पीकरमधून पाठवला की प्रत्येक ठोक्याला खऱ्या तारा सळसळतात. हा आवाज मूळ ट्रॅकखाली थोडासा मिसळा. ताशावरही हा प्रयोग होतो. ताशाला तारा नसतात, त्यामुळे त्याचा ठोका स्नेअरच्या तारांतून गेला की वेगळाच पोत येतो. मात्र तर्री यातून पाठवू नका, तारांना थांबायला उसंतच मिळत नाही आणि नुसती सळसळ उरते. समेवरचे आणि जोरकस ठोके तेवढे निवडून पाठवा.

गिटारचा ॲम्प ढोलाला फार चांगला कणखरपणा देतो. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, त्यामुळे मधली पट्टी पुढे येते. ॲम्प थोडा फाटेपर्यंत चढवा, कोनाच्या मध्यापासून जरा बाजूला साधा डायनॅमिक माईक लावा, आणि मिक्समध्ये हा ट्रॅक जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा. मोबाईलवर ढोल गायब होतो, त्याला हा थर वाचवतो. छोट्या स्पीकरला ८० हर्ट्झ वाजवता येत नाही, पण ॲम्पच्या फाटण्यातून तयार झालेले वरचे स्वर तो वाजवतो आणि कान खालचा दणका मनाने भरून घेतो.

भांडी बाजारातून जाताना पुढच्या वेळी तांब्या-पितळेच्या हंड्यांवर बोटाने टिचकी मारून पाहा. प्रत्येक हंड्याचा स्वतःचा एक स्वर असतो. हंड्यात मुठीएवढा स्पीकर सोडा, तोंडापाशी माईक धरा आणि कीबोर्डचा किंवा गायकाचा ट्रॅक पाठवा. हंड्याच्या स्वराशी जुळणारे सूर एकदम फुलतात, बाकीचे मागे राहतात. गाण्याच्या षड्जाशी जुळणारा हंडा सापडला तर त्याच्यासारखा रिव्हर्ब नाही. स्वर वर न्यायचा तर तळाशी थोडं पाणी घाला, आतली हवा कमी झाली की तिचा घुमारा वर चढतो. अर्थात स्पीकर दोरीने बांधून पाण्यापासून वर ठेवा, आणि तोही बॅटरीवरचाच.

गायकाच्या आवाजाला जिना किंवा वाड्याची ओसरी शोभते. हार्मोनियम मुळातच भरलेली असते, तिला जागा कमी द्या. संबळ आणि हलगीला ढोलाचेच नियम लागू, फक्त जागा लहान घ्या.

मिक्समध्ये बसवताना

मूळ ट्रॅक जसाच्या तसा ठेवा आणि रीॲम्पचा फेडर शून्यापासून वर आणा. ऐकू यायला लागला की थोडा मागे घ्या. मग डोळे मिटून तो ट्रॅक बंद-चालू करत राहा. बंद केल्यावर ढोल भिंतीला चिकटल्यासारखा वाटला तर प्रमाण बरोबर आहे. चालू केल्यावर ‘आता हॉल आला’ असं वाटत असेल तर जास्त झालंय. कडव्याच्या वेळी कमी, शेवटच्या गजराला जास्त, असा फेडर गाण्याबरोबर हलू द्या. लांबच्या माईकवर कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा इफेक्ट) जोरात चालवलात तर दोन ठोक्यांमधली हवा वर येते आणि ढोल श्वास घेतल्यासारखा वाटतो. जलद हातात मात्र तोच श्वास ठेक्याच्या आड येतो, तिथे कॉम्प्रेसर सैल ठेवा.

गोधडी गुंडाळण्याआधी जागेचे फोटो काढा. स्पीकर कुठल्या भिंतीपासून किती फुटांवर, तोंड कुठे, माईक कोणता, उंची किती, आउटपुट आणि गेन कुठे होते, हे सगळं वहीत लिहा. पथकवाले विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात फोन करून ‘एक ताशा वाढवायचाय’ म्हणणारच, आणि तो ताशा त्याच हॉलमध्ये, त्याच रांगेत उभा असलेला ऐकू यायला हवा. रीॲम्पच्या फायलींना जागा आणि माईकचं अंतर नावातच घाला, सगळ्या फायली गाण्याच्या शून्यापासून सुरू होतील अशा काढा, आणि मूळ कोरडे ट्रॅक वेगळ्या ड्राइव्हवर जपून ठेवा.